कोयत्याबरोबर गोळीही निघाली पाहिजे

क्षयरोगाचं निदान बेडक्यापासून सुरू होतं आणि चांगला बेडका मिळवणं हे निम्मं काम असतं. माणूस डबी हातात घेतो, लाजतो, कोपऱ्यात जाऊन नुसती थुंकी टाकून आणतो. थुंकीत काही सापडत नाही. मग त्याला बाहेर मोकळ्यावर, झाडाखाली न्यायचं, दोन-तीनदा खोल श्वास घ्यायला लावायचा आणि छाती भरून खोकायला सांगायचं. फुफ्फुसाच्या तळातून जो पिवळसर, चिकट बेडका वर येतो तो आम्हाला हवा असतो. पहाटे उठल्या उठल्या पडलेला असेल तर उत्तमच. गेवराई तालुक्यात सरकारी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून नोकरी करताना हे मी रोज कुणाला ना कुणाला सांगत आले. निवृत्त झाल्यावरही शेजारपाजारचं कुणी पंधरा दिवस खोकताना दिसलं की तोंडून आधी तेच निघतं.

आता बहुतेक तपासण्या यंत्रावर होतात. आमच्या वेळी काच, स्पिरिटचा दिवा आणि सूक्ष्मदर्शक, एवढाच संसार होता. कोऱ्या काचेवर खराट्याच्या काडीने बेडक्याचा पिवळा भाग पातळ पसरायचा, वाळू द्यायचा, ज्योतीवरून तीन-चारदा फिरवायचा. त्यावर कार्बोल फुक्सिन हा लाल रंग ओतून खालून वाफ येईस्तोवर तापवायचं. मग पाण्याने धुवून वर पंचवीस टक्के सल्फ्युरिक आम्ल. आम्लाने काचेवरचा सगळा रंग उतरतो, क्षयाचा जंतू मात्र लालच राहतो, कारण त्याच्या अंगावर मेणचट जाड कवच असतं. शेवटी निळा रंग द्यायचा आणि काच भिंगाखाली घ्यायची. निळ्यावर लाल, बारीक, किंचित वाकलेल्या काड्या दिसल्या की निदान झालं. अशी शंभर फील्डं पाहायची असतात. शंभरांत मिळून दहाच्या आत जंतू असतील तर नुसता आकडा लिहायचा, दहा ते नव्व्याण्णव असतील तर ‘एक प्लस’. एकेका फील्डमध्ये दहाच्या वर दिसायला लागले की ‘तीन प्लस’. तीन प्लसची काच पुढ्यात आली की मला त्या माणसाच्या आधी त्याचं घर दिसायचं. त्या खोलीत रात्री किती जण झोपत असतील, त्यात लेकरं किती असतील?

हा जंतू जगापुढे आला २४ मार्च १८८२ रोजी. बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख या डॉक्टरने त्या संध्याकाळी आपल्या काचा मांडल्या आणि क्षय हा संसर्गाचा रोग आहे, हे दाखवून दिलं. माणसांच्या दर सात मृत्यूंमागे एक मृत्यू या रोगाने होतो, असं त्याने तेव्हा सांगितलं होतं. त्याआधी युरोपातही क्षय घराण्यातून उतरतो असं मानणारे डॉक्टर पुष्कळ होते. कॉखची खरी तपश्चर्या धीराची होती. इतर कितीतरी जंतू अर्ध्या तासाच्या आत एकाचे दोन होतात, याला पंधरा-वीस तास लागतात. प्रयोगशाळेत त्याची वाढ डोळ्यांना दिसायलाच आठवडे जातात. हा सावकाशपणा लक्षात ठेवायला हवा, कारण सहा महिने गोळ्या का घ्यायच्या याचं उत्तर त्यातच आहे. काही जंतू तर शरीरात जवळजवळ झोपून राहतात. वाढणाऱ्या जंतूला औषध लवकर मारतं, झोपलेल्याला मारायला वेळ लागतो. खोकला थांबला म्हणून गोळी थांबवली की नेमके हे झोपलेलेच उठतात.

जंतू कळला, पण त्याने रोगी वाचायला लागले नाहीत. आनंदीबाई जोशींचं नाव आपल्या प्रत्येक शाळेत घेतलं जातं. १८८६ च्या मार्चमध्ये त्या फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळातल्या स्त्रीविभागाचं काम त्यांची वाट पाहत होतं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचं क्षयाने निधन झालं, वयाची बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. कॉखच्या त्या संध्याकाळला तेव्हा पाच वर्षं होत आली होती. डॉक्टर झालेली बाई, नवऱ्याची साथ, देशभर नाव, आणि तरीही तिला देण्यासारखं औषध पृथ्वीच्या पाठीवर कुणाजवळच नव्हतं.

पुढची साठएक वर्षं हवा, ऊन, विश्रांती, दूध आणि अंडी हाच इलाज राहिला. त्यासाठी सॅनेटोरियमं निघाली. डॉ. बिलिमोरियांनी १९१२ मध्ये पाचगणीला ‘बेल-एअर’ काढलं. मिरजेच्या मिशन दवाखान्याचे सर विल्यम वॉनलेस यांच्या नावाने वॉनलेसवाडीत क्षयाचं मोठं रुग्णालय उभं राहिलं. गेवराई तेव्हा निजामाच्या राज्यात होती. त्या राज्याचं सॅनेटोरियम विकाराबादजवळ अनंतगिरीच्या डोंगरावर होतं. गोदाकाठच्या सालगड्याला या जागांचा काय उपयोग? महिनोन्‌महिने पलंगावर पडून राहायला घरी धान्याची कणगी भरलेली लागते.

औषध सापडलं १९४३ साली. अमेरिकेत रटगर्सला सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट शॅट्झ या तरुण संशोधकाने मातीतल्या जंतूपासून स्ट्रेप्टोमायसिन वेगळं केलं. ब्रिटनमध्ये त्याची चाचणी झाली. सहा महिन्यांत नुसती विश्रांती घेणाऱ्या ५२ जणांपैकी १४ दगावले, स्ट्रेप्टोमायसिन घेणाऱ्या ५५ पैकी फक्त ४. पण त्याच चाचणीत दुसरीही गोष्ट कळली. काही महिन्यांत जंतू औषधाला दाद देईनासे झाले. एकट्या औषधाने हा रोग हटत नाही, दोन-तीन औषधं एकदमच द्यावी लागतात, हा धडा तेव्हाचा आहे आणि आजही तसाच लागू आहे. मग पॅस आलं, १९५२ मध्ये स्वस्त आणि जोरदार आयसोनियाझिड आलं.

आता मद्रासची गोष्ट. आमच्या खात्यात येणाऱ्या प्रत्येकाला ती पाठ असायला हवी, असं मला मनापासून वाटतं. १९५६ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, ब्रिटनची संशोधन परिषद, जागतिक आरोग्य संघटना आणि मद्रास सरकार यांनी मिळून तिथे एक केंद्र काढलं. प्रमुख होते डॉ. वॉलेस फॉक्स. तेव्हा देशात क्षयरोगी लाखोंनी होते आणि खाटा काही हजारच. सगळ्यांना सॅनेटोरियम मिळणं शक्य नव्हतं. म्हणून त्यांनी १९३ गरीब रुग्णांच्या चिठ्ठ्या टाकल्या. निम्मे सॅनेटोरियममध्ये गेले, तिथे पलंग, विश्रांती आणि चांगलं जेवण होतं. निम्मे आपापल्या दाटीवाटीच्या खोल्यांत राहिले, जमेल तसं कामही करत राहिले आणि खाणंही बेताचंच होतं. औषध मात्र दोघांना एकच, वर्षभर. १९५९ मध्ये निकाल छापून आला. घरी राहिलेले जवळजवळ तितकेच बरे झाले होते. शिवाय औषध सुरू झाल्यावर घरातल्या माणसांना सॅनेटोरियमवाल्यांच्या घरच्यांपेक्षा जास्त लागण झाली नाही. जगातली सॅनेटोरियमं बंद पडत गेली त्यात मद्रासच्या या झोपडपट्टीतल्या खोल्यांचा मोठा वाटा आहे.

पण त्या प्रयोगातली एक बाब सहसा कुणी सांगत नाही. घरी राहिलेल्या रुग्णांना औषधासाठी दर आठवड्याला केंद्रात यावं लागे. आरोग्यसेविका अचानक घरी जाऊन उरलेल्या पुड्या मोजत आणि लघवी तपासून औषध पोटात गेलं की नाही ते पाहत. म्हणजे घर आणि घराच्या दारात येणारं माणूस, दोन्ही मिळून तो उपचार होता.

त्याच सुमाराला, १९५५ ते १९५८ या काळात, देशभर पाहणी झाली. क्षय हा गिरणगावाचा आणि चाळींचा रोग असा तोवरचा समज होता. पाहणीत तो खेड्यांतही शहरांइतकाच निघाला. खेडूत अडाणी, खोकला अंगावर काढतो, दवाखान्यात येत नाही, हे तर आजही ऐकायला मिळतं. बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेच्या डॉ. बॅनर्जी आणि अँडरसन यांनी १९६३ मध्ये दाखवून दिलं की खेड्यातले निम्मेअधिक क्षयरोगी आधीच दवाखान्याची पायरी चढून आले होते. खोकल्याची बाटली देऊन त्यांना परत पाठवलं गेलं होतं, बेडका कुणी तपासलाच नव्हता. माझ्या टेबलापर्यंत आलेल्यांतही दोन-तीन ठिकाणी सलाईन आणि सुया घेऊन आलेले कितीतरी असत.

१९६२ मध्ये राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला, जिल्ह्याजिल्ह्यात केंद्रं निघाली. माझे थोरले चुलते बहात्तरच्या दुष्काळानंतर आजारी पडले. रोज सायकल हाणत सुई टोचून घ्यायला जायचे, वर गोळ्या. दीड वर्षाचा उपचार होता. दोन महिन्यांत अंगात तरतरी आली, वजन वाढलं, आणि तेवढ्यात ऊसतोडीचा हंगाम आला. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेली होती. चुलते-चुलती बैलगाडी जुंपून टोळीबरोबर गेले. परत आले तेव्हा रक्त पडत होतं. पुढच्या दिवाळीला ते नव्हते. त्यांना कुणी हलगर्जी म्हणायचं? घेतलेली उचल फेडायची असते, नाही तर पुढच्या वर्षी दारात मुकादम उभा राहतो.

असे चुलते देशभर होते. १९९२ मध्ये आढावा घेतला तेव्हा उपचार सुरू केलेल्यांपैकी तीसएक टक्केच रुग्ण ते पुरे करत होते. पुढच्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने क्षयरोगाला जागतिक आणीबाणी ठरवलं. भारतात सुधारित कार्यक्रम आला, २००६ पर्यंत तो सगळ्या देशात पोचला. रिफाम्पिसिन या औषधामुळे उपचार सहा महिन्यांवर आला होता. प्रत्येक रुग्णाच्या नावाचा औषधाचा अख्खा खोकाच बाजूला काढून ठेवायचा, नव्याला लाल आणि पूर्वी उपचार सोडलेल्याला निळा. एक दिवसाआड, समोर बसवून गोळ्या गिळायला लावायच्या. २०१७ पासून रोजची गोळी आली, चार औषधं एकाच गोळीत, पहिले दोन महिने. वजनावर गोळ्या ठरतात. पस्तीस ते एकोणपन्नास किलोच्या माणसाला तीन, त्यापुढे चौसष्टपर्यंत चार. आमच्याकडच्या बायांना बहुतेक तीनच लागायच्या, काहींना दोनच. वजनच तेवढं असायचं.

पहिल्या आठवड्यात रुग्ण घाबराघुबरा परत यायचा, लघवी लाल होते म्हणून. ते रिफाम्पिसिनमुळे होतं, घाबरायचं कारण नाही, हे गोळी देतानाच सांगितलं तर निम्मे रुग्ण टिकतात.

आता गेवराईचं सांगते. जायकवाडीच्या कालव्याने तालुक्याच्या काही भागात ऊस-कापूस पिकतो, गढीला साखर कारखाना आहे. तरी दसरा-दिवाळीच्या सुमारास गावंच्या गावं रिकामी होतात. ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्यांत भांडीकुंडी, पीठ, सरपण, शेळी, लेकरं भरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात सांगली, कोल्हापूर, सातारा, पुण्याकडे, पार कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पाडव्याच्या आगेमागे परत. कारखान्याच्या तळावर किंवा फडाच्या कडेला ताडपत्रीची नाहीतर पाचटाची कोपी, आत वाकून जावं लागतं. तिच्यातच चूल आणि धूर, तिच्यातच रात्री पाच-सहा माणसं. क्षयाचा जंतू खोकल्यावाटे हवेत सुटतो आणि कोंडलेल्या हवेत तासन्‌तास तरंगतो. त्याला कोपीसारखी जागा दुसरी नाही. दिवसा फडात उन्हाने तो मरतो, रात्री कोपीत त्याचं फावतं.

पहाटे अंधारात टोळी फडात उतरते. मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहायच्या, गाडी भरायची. गाडी रात्री दोनला आली तरी भरायची. एका दिवसाचा खाडा झाला की हिशेबातून पैसे कापले जातात. खोकला आला तर धूळ गेली, कुसळ गेलं म्हणून सोडून द्यायचं. दवाखाना कुठे आहे हेही ठाऊक नसतं, कारण फड संपला की तळही हलतो. एक बाई माझ्याकडे दोन प्लस आल्या. उपचार सुरू झाला आणि महिनाभरात गाडी निघायची वेळ झाली. मी विचारलं, गोळ्या नीट घ्याल ना? त्या म्हणाल्या, “म्याडम, घरी असल्यावर घेतेच की मी गोळी. पण सहा महिने मी घरी असते कुठं?”

मद्रासचा प्रयोग ज्या घरावर उभा होता, ते घर आमच्याकडे अर्धं वर्ष ट्रॉलीत बसून निघून जातं. कार्यक्रमाचे आराखडे गाव धरून केलेले असतात. उपकेंद्र, आशाताई, तालुक्याचा पर्यवेक्षक, सगळं जागच्या जागी असतं, फक्त रुग्ण जागेवर नसतो. उपचार सहा महिन्यांचा आणि हंगामही सहा महिन्यांचाच, हा मेळ जंतूच्या पथ्यावर पडतो.

यावर तोडगा नाही असं मात्र नाही. ‘निक्षय’ या सरकारी नोंदणीत प्रत्येक रुग्णाला एक क्रमांक मिळतो. त्या क्रमांकावर कुठल्याही जिल्ह्याच्या, कुठल्याही राज्याच्या सरकारी दवाखान्यात पुढच्या गोळ्या घेता येतात. इथल्या पर्यवेक्षकाने तिथल्याकडे रुग्ण बदली करून दिला आणि एक फोन केला की काम होतं. त्या बाईंच्या बाबतीत ते झालं. जाताना गोळ्या बरोबर दिल्या, क्रमांक कार्डावर ठळक लिहिला, मुकादमाचा नंबर घेतला आणि तळाजवळच्या दवाखान्यात कळवलं. तिथल्या आशाताई दर आठवड्याला कोपीवर जाऊन आल्या. पाडव्यानंतर बाई परत आल्या तेव्हा त्यांच्या काचेची शंभरही फील्डं मी निळी पाहिली. हे व्हायला नवं औषध लागलं नाही. दोन जिल्ह्यांतली दोन माणसं एकमेकांशी बोलली, एवढंच लागलं. पण ते दोन माणसांच्या भलेपणावर सोडून चालणार नाही, ते नेमाने झालं पाहिजे.

यंत्रांची प्रगती मोठी आहे. ट्रूनॅट हे गोव्यात तयार झालेलं यंत्र बॅटरीवर चालतं. तासा-दोन तासांत जंतू आहे की नाही ते सांगतं, रिफाम्पिसिनला दाद देतो की नाही तेही पुढे लगेच कळतं. असं यंत्र गाडीत घालून कारखान्याच्या तळावर नेता येतं. जे जंतू नेहमीच्या औषधांना जुमानत नाहीत त्यांच्यासाठी बेडाक्विलिन आलं. पूर्वी उपचार दीड-दोन वर्षं चाले आणि त्यातले कित्येक महिने सुया घ्याव्या लागत, आता अशा रुग्णांनाही सहा महिन्यांचा, नुसत्या गोळ्यांचा उपचार देशात मंजूर झाला आहे.

तरीही अन्नाशिवाय हे सगळं लंगडं आहे. झारखंडात डॉ. अनुराग भार्गव आणि सहकाऱ्यांनी रुग्णाच्या घराला दर महिन्याला शिधा दिला, रुग्णाला दहा किलो आणि घरातल्या प्रत्येकाला पाच किलो तांदूळ व दीड किलो डाळ. २०२३ मध्ये निकाल आले. शिधा मिळालेल्या घरांतल्या इतर माणसांत क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी निघालं. रुग्णांपैकी ज्यांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्के वाढलं, त्यांचा मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी होता. लस देऊन मिळावं असं हे फळ डाळ-तांदळाने दिलं. (बीसीजी लहान मुलांना क्षयाच्या मेंदूज्वरापासून वाचवते म्हणून ती द्यायचीच, पण मोठ्या माणसाच्या फुफ्फुसाच्या क्षयाला ती भरवशाने अडवत नाही.) सरकार रुग्णाला पोषणासाठी २०१८ पासून महिना ५०० रुपये देत होतं, नोव्हेंबर २०२४ पासून १००० देतं. पैसे खात्यावर येतात आणि खातं गावच्या बँकेत असतं. माणूस मात्र कर्नाटकातल्या फडात. त्याला शिधा तळावरच मिळायला हवा.

एक गोष्ट बायांसाठी. क्षय म्हटलं की सुनेची ताट-वाटी वेगळी होते, कधी तिला माहेरी धाडलं जातं. हा रोग ताटावाटीतून पसरतच नाही. औषध नीट सुरू झालं की काही आठवड्यांत लागण करण्याची ताकद बहुतेकांची संपते. तिला वेगळं काढायचं नसतं, तिची खिडकी उघडायची असते आणि गोळी चुकू द्यायची नसते.

जगाने क्षय संपवण्यासाठी २०३० साल धरलं होतं, आपण २०२५. २०१५ मध्ये लाखामागे २३७ नवे रुग्ण होते, ते २०२३ मध्ये १९५ वर आले. ही घट खरी आहे, ती अनेक हातांच्या कष्टाची आहे. तरी २०२३ मध्ये देशात अंदाजे २८ लाख लोकांना क्षय झाला. जगातल्या दर चार रुग्णांत एकाहून अधिक आपला आहे.

म्हणून माझं मागणं साखर कारखान्यांकडे आणि मुकादमांकडे आहे. उचल देताना माणसाचा अंगठा घेता, तेव्हाच त्याच्या बेडक्याची डबीही घ्या. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, उतरतं वजन यातलं काही असेल तर गाडी निघण्याआधी तपासणी होऊ द्या. उपजिल्हा रुग्णालयात ती फुकट होते. गोळी चालू असलेल्याचा खाडा धरू नका, महिन्यातून एकदा त्याला दवाखान्यात जाऊ द्या. टोळीतल्या भावा-बहिणींनो, गोळ्यांची पिशवी पिठाच्या डब्यात ठेवा, म्हणजे ती मागे राहायची नाही. निक्षयचा क्रमांक घरात शाळेत जाणाऱ्या लेकराला पाठ करायला सांगा. फडात गोळ्या संपत आल्या आणि दवाखाना कळेना झाला तर १८००-११-६६६६ वर फोन करा. त्याला पैसे पडत नाहीत.